जुन्या पिकअपला सस्पेन्शन, डिस्क, टायर टाकताय? आधी या चुका टाळा

सेकंड हँड पिकअप दारात आली की पहिला आठवडा जातो टायरच्या दुकानांत रेट विचारण्यात. व्ही-क्रॉस असो, झेनॉन असो, गेटअवे असो नाहीतर बोलेरो कॅम्पर, सगळ्यांना आधी जाडजूड ऑल टेरेन टायर हवे असतात, मग लिफ्ट (गाडीची उंची वाढवणं) हवी असते, मग बाहेर आलेल्या काळ्या डिस्क (चाकाच्या रिम, ब्रेकच्या नाही) हव्या असतात, आणि हे सगळं लागून झाल्यावर कोणीतरी गाडीखाली वाकून बघतं तेव्हा कळतं की लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातले रबर, कधीच संपलेत. क्रम उलटा झाला की पैसे दोनदा जातात. आणि पुण्यातले रस्ते काही लपू देत नाहीत, कात्रज-कोंढवा रोडला एक चक्कर मारा, खालून कोण कोण वाजतंय ते लगेच ऐकू येतं.

झिजलेल्या गाडीवर नवीन माल

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून यावर जरा जास्त लिहितो. बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड जुनेच ठेवून वरून भारीतले शॉकअप टाकणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं. अलाइनमेंटवाला मशीनवर आकडे हिरवे करून देतो, पण आर्म बुशमध्येच खेळत असेल तर पहिल्या खड्ड्यात ते आकडे गेले.

घरी करायची एक टेस्ट आहे, त्याला गॅरेज लागत नाही. सपाट जागी गाडी उभी करा, हौदा रिकामा, चारही टायरमध्ये बरोबर हवा, आणि टेपने चाकाच्या मधल्या पॉइंटपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत चारही कोपऱ्यांचं माप घ्या. चाकाच्या मधून मोजायचं, जमिनीवरून नाही, म्हणजे टायरचा फरक मध्ये येत नाही. डावी-उजवीकडे पाच-सात मिलिमीटर इकडेतिकडे चालतं, पण एक बाजू बोटभर खाली असेल तर तिकडचे पाटे (मागच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) बसलेत नाहीतर एखादा पाटा तुटलाय. तुटलेला पाटा बऱ्याचदा सेंटर बोल्टजवळ तडकलेला असतो आणि मातीत दिसत नाही, त्यामुळे आधी वॉशिंग करून घ्या आणि मगच खाली बॅटरी मारून बघा.

आधीच्या मालकाने "फक्त फॅमिलीसाठी वापरली हो" असं सांगितलं तर मान डोलवा आणि हौद्याचा तळ बघा. पत्र्याला खोल पोचे असतील, मागचे बंप स्टॉप चेपलेले असतील तर त्या फॅमिलीत सिमेंटच्या गोण्या होत्या असं समजायचं. चेसिसला पाटे जिथे बसतात ते हँगर पण बघा, तिथे वेल्डिंगचे नवीन टाके दिसले तर अपग्रेड सोडा, आधी चेसिस सरळ आहे का ते तपासून घ्या.

अंदाजे लोड धरून पाटे वाढवणं

पाटेवाल्याकडे गेलात की तो विचारतो, एक पाटा वाढवू का दोन? आणि आपण म्हणतो टाका दोन, असू दे. मग रिकामी गाडी सिंहगड रोडच्या स्पीड ब्रेकरवर मागून उडायला लागते आणि मागच्या सीटवरची मंडळी परत बसायला तयार होत नाहीत. जास्त पाटे म्हणजे जास्त भारी सस्पेन्शन असं काही नसतं, तो फक्त जास्त वजनासाठीचा स्प्रिंग असतो आणि वजन नसेल तर तो दबतच नाही.

त्यापेक्षा काट्यावर जा. मार्केट यार्डाकडे, चाकण-भोसरीकडे वजनकाटे आहेतच, तिथे गाडी नेहमीच्या सामानासकट घाला, एकदा पूर्ण आणि एकदा फक्त मागची चाकं प्लॅटफॉर्मवर ठेवून. हौद्यावर कॅनॉपी, रूफ टेंट, लोखंडी बंपर असं कायमचं वजन असेल तर एखादा पाटा वाढवणं बरोबर आहे. कधीतरी मुळशीच्या शेतावर खताच्या गोण्या न्यायच्या असतील तर कंपनीचे पाटे चांगल्या कंडिशनमध्ये पुरतात. आणि आरसीवर लिहिलेलं एकूण वजन पाटे वाढवून वाढत नाही, अ‍ॅक्सल, बेअरिंग, ब्रेक सगळे तेच राहतात.

टायरचा साइज डोळ्याने ठरवणं

पहिल्या व्ही-क्रॉसचा २४५/७० आर १६ टायर घ्या (२४५ मिलिमीटर रुंदी, बाजूची भिंत त्याच्या ७० टक्के उंच, डिस्क १६ इंची). त्याची उंची येते साधारण ७४९ मिलिमीटर. २६५/७० आर १६ टाकला की ७७७ होते, म्हणजे पावणेचार टक्के वाढ. गाडीचा क्लिअरन्स वाढला किती, तर त्याच्या निम्मा, १४ मिलिमीटर. बदल्यात मीटरवर १०० दिसताना गाडी १०४ च्या जवळ पळतेय, ओडोमीटर कमी किलोमीटर दाखवतोय म्हणून अ‍ॅव्हरेज पडल्यासारखं वाटतं (थोडं खरंच पडतं), आणि घाटात तिसऱ्यावर जाणारी गाडी दुसरा मागते. २६५/७५ वर गेलात तर वाढ सात टक्क्यांच्या वर जाते, मग फुल लॉक मारला की टायर मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासतो आणि दुकानदार म्हणतो हीटगनने थोडं मागे घेऊ. माझं मत विचाराल तर रोजची गाडी असेल तर तीन-चार टक्क्यांच्या पुढे जाऊ नका.

दुसरी हौस म्हणजे मोठ्या डिस्क. व्ही-क्रॉसच्या २०१९ च्या फेसलिफ्टमध्ये १८ इंची अलॉय आणि २५५/६० चे टायर आले, ते जुन्या गाडीला लावायची फॅशन आहे. दिसतात छान, पण टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची १७१ वरून १५३ मिलिमीटरवर येते. पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा लागला की हाच कमी झालेला पाऊण इंच आठवतो, कारण टायरला फुगा येतो किंवा डिस्कची कड वाकते. जुन्या पिकअपसाठी १६ इंची डिस्क हाच शहाणपणाचा साइज आहे, भले फोटोत कमी दिसो.

लोड इंडेक्स तर कोणी वाचतच नाही. टायरवर साइजच्या पुढे १११ लिहिलेलं असेल तर तो टायर १०९० किलो झेलतो. काट्यावर मागच्या अ‍ॅक्सलचं जे वजन आलं त्याच्या निम्म्यापेक्षा हा आकडा आरामात जास्त पाहिजे आणि कंपनीने दिलेल्या इंडेक्सपेक्षा कमी तर घ्यायचाच नाही. एलटी (लाइट ट्रकचे) टायर घेतले तर त्यांना हवा वेगळी लागते, दाराच्या स्टिकरवरचा आकडा जुन्या टायरसाठीचा असतो, तेव्हा नव्या टायरच्या कंपनीचा चार्ट बघा. टायरच्या बाजूला छापलेल्या डॉट कोडच्या शेवटी चार अंक असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. "न वापरलेला स्टॉक" म्हणून स्वस्तात मिळाला तरी पाच-सहा वर्षं जुना टायर सोडून द्या. आणि गाडी फोर बाय फोर असेल तर दोन नवे दोन जुने असला हिशोब नको, चारही एकाच साइजचे, जवळपास सारखे झिजलेले. स्टेपनीचं काय करायचं तेही तेव्हाच ठरवा, वेगळ्या उंचीची स्टेपनी फोर व्हील ड्राइव्हमध्ये चालत नाही.

डिस्क घेताना फक्त नट मोजणं

सहा नट, १३९.७ पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास, मिलिमीटरमध्ये), बसली की! व्ही-क्रॉस आणि हायलक्स दोन्हीचं पीसीडी तेच आहे, पण म्हणून एकाची डिस्क दुसरीला नीट बसेलच असं नाही. मधलं भोक हबवर (ज्या गोल भागावर चाक बसतं त्यावर) घट्ट बसायला हवं, ते मोठं असेल तर डिस्क नुसती नटांवर सेंटर होते आणि बॅलन्सिंग कितीही करा, ऐंशीला स्टेअरिंग थरथरतं. हब रिंग टाकून ते सुटतं. ऑफसेट, म्हणजे चाक हबवर किती आत किंवा बाहेर बसतं ते, मात्र रिंगने सुटत नाही. चाक २५-३० मिलिमीटर बाहेर आलं की बेअरिंगवरचा ताण वाढतो, खड्ड्यात स्टेअरिंग हातातून ओढलं जातं आणि चिखल थेट दारावर उडतो. स्पेसर (हब आणि डिस्कमधली जाड चकती) लावून तेच करायचं असेल तर त्याहून वाईट. नवीन डिस्क लागल्यावर शंभरेक किलोमीटरने नट टॉर्क रेंचने परत चेक करा, हे दुकानदार सांगत नाही.

लिफ्ट करून देणारे काय करत नाहीत

झेनॉनसारख्या टॉर्शन बारच्या (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याच्या) गाडीत पुढचा बोल्ट फिरवला की हाइट वाढते, फुकटात, दहा मिनिटांत. पण स्प्रिंग बदललेला नसतो, चाकाला खाली जायची जागा तेवढी संपते, म्हणून गाडी खड्ड्यात दाणकन आपटते. बॉल जॉइंट कायम वाकड्या अँगलला राहतो, आणि फोर बाय फोर असेल तर सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा) पण, मग त्याचं रबर बूट फाटून ग्रीस उडतं. पुढून दीड इंच ठीक, दोनच्या वर जायचं असेल तर अप्पर आर्म वगैरे सगळा सेट धरूनच बजेट करा. मागे पाट्यांखाली उंचीसाठी ब्लॉक टाकले तर एकच टाका, ब्लॉकवर ब्लॉक चढवायचे नाहीत, यू बोल्ट नवीनच घ्या आणि पाचशे किलोमीटरनंतर टाइट करा.

आता दोन गोष्टी, ज्या गॅरेजमध्ये उभं राहून बघायच्याच. पहिली, आर्मचे बोल्ट फायनल टाइट कधी करतात. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळलेली, आणि पोऱ्या इम्पॅक्ट गनने टर्रर करून मोकळा होतो. अशा वेळी बुशचं रबर लोंबकळलेल्या पोझिशनला पकडलं जातं, गाडी खाली आली की ते कायम पिळलेलंच राहतं आणि काही महिन्यांत फाटतं, मग आपण बुशच्या कंपनीला शिव्या घालतो. बोल्ट हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबून सेटल करायची आणि मग टॉर्कला टाइट करायचे. पाट्यांच्या शॅकलला (पाट्यांचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीला) पण हेच.

दुसरी, लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलपासून चेसिसपर्यंत एक बारीक रॉड किंवा स्प्रिंग जाते, हौद्यात वजन आलं की चेसिस खाली येतं आणि त्यावरून व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. तुम्ही मागून गाडी दोन इंच उचलली की व्हॉल्व्हला वाटतं हौदा कायम रिकामाच आहे. भरलेली गाडी घेऊन ताम्हिणी किंवा वरंध उतरताना मागचे ब्रेक कमी काम करतात आणि सगळं ओझं पुढच्या पॅडवर येतं. त्या रॉडचा ब्रॅकेट सेट करून घ्यायचा, मागचा ब्रेक होज ताणला जात नाही ना तेही बघायचं. काम करणाऱ्याला हा व्हॉल्व्ह कुठे आहे ते दाखवता आलं नाही तर तिथून गाडी काढा.

काम झाल्यावर वाजतंय, ओढतंय, थरथरतंय

एका बाजूला ओढत असेल तर आधी पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा (दिशेचा बाण असलेले नसतील तर), ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा, नाही बदलली तर अलाइनमेंट. ऐंशी-नव्वदलाच थरथर म्हणजे बॅलन्सिंग किंवा हब. गाडी जागेवरून काढताना, क्लच सोडताना खालून घरघर म्हणजे लिफ्टमुळे प्रोपेलर शाफ्टचा अँगल बिघडलाय, सेंटर बेअरिंगचा ब्रॅकेट बघा. स्पीड ब्रेकरवर एकच ठक येत असेल तर स्टॅबिलायझर लिंक किंवा ढिला यू बोल्ट. टायर फक्त आतल्या कडेला झिजतोय तर कॅम्बर-टो (चाकाचा कल आणि आत-बाहेर वळलेलं असणं), मधोमध झिजतोय तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजतोय तर हवा कमी, आणि हात फिरवल्यावर उंचसखल लागतंय तर शॉकअप गेलेत. हेडलाइट खाली करून घ्यायला विसरू नका, समोरचा शिव्या देतो ते उगाच नाही.

कागदाचं थोडक्यात

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या कंपनीच्या मूळ तपशिलाला धक्का लागेल असा बदल करायचा नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. कलम १८२ अ मध्ये बेकायदा बदलाला प्रत्येकी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं आहे. त्यामुळे मोठ्या लिफ्टच्या आणि बाहेर आलेल्या चाकांच्या नादी लागण्याआधी आरटीओत विचारा आणि इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवा, क्लेमच्या वेळी सर्व्हेयर गाडीखाली पण बघतो. पिवळ्या पाटीची गाडी असेल तर फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी असतं, तेव्हा काढलेले मूळ पाटे, शॉकअप आणि डिस्क भंगारवाल्याला देऊ नका. विकताना घेणारा पण आधी तेच विचारतो.