पहिली-दुसरीचा वर्ग मिळालेल्या नव्या शिक्षणसेवकांसाठी

टीईटी, टेट या परीक्षा आणि शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल हे सगळं पार करूनच तुम्ही इथवर आलात, त्यावर बोलत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतली कुठली द्विशिक्षकी शाळा मिळाली असेल, तर एका खोलीत दोन इयत्ता धरूनच चाला. जोडीदार गुरुजी मीटिंगला गेले की चारही. 16,000 मानधनात नाशिकची खोली आणि रोजचं पेट्रोल कसं बसवायचं, ते मात्र मला विचारू नका.

आता मुख्य गोष्ट: सगळ्यांनी एका सुरात म्हणायचा धडा. पोरं खणखणीत म्हणतात, रस्त्यानं जाणारे पालक खूश, केंद्रप्रमुखही मान हलवतात. त्या आवाजात खरं वाचणारी चार-पाचच असतात, बाकीची त्यांच्यामागून फरफटत येतात. या आवाजावर मीही बरेच दिवस भुललो. एकदा दुसरीतल्या एका मुलीशेजारी मांडी घालून बसलो. धडा घडाघडा चालला होता, बोट मात्र दोन ओळी मागे. पान उलटायचं राहून गेलं तरी पुढच्या पानावरचं वाक्य तोंडातून आलं! त्याच धड्यातला ‘मका’ पाटीवर एकटा लिहून दिला, तर ती माझ्या तोंडाकडे बघत बसली.

तेव्हा रोज तीन-चार मुलांना एकेकटं जवळ घ्या. धडा मधूनच वाचायला लावा. शेवटचं वाक्य आधी विचारा. त्याच अक्षरांचे पुस्तकात नसलेले शब्द पाटीवर द्या. बोट आणि तोंड एकाच शब्दावर आहे का, एवढंच बघा. आणि ‘समजलं का?’ हा प्रश्न सोडूनच द्या. त्याला ‘होऽऽ’ हे एकच उत्तर असतं, न समजलेलं पोर तर सगळ्यात मोठ्यानं देतं.

अक्षरं क-ख-ग अशा ओळीनं शिकवत बसू नका. क, म, र, ल आणि काना एवढ्यावर काका, मामा, मका, काम, माल, कमल होतात. पहिल्याच महिन्यात मूल शब्द वाचतं, मग ते शाळेला दांडी मारत नाही.

गणितात 42 वजा 17 द्या. निम्मा वर्ग 35 लिहील, कारण सातातून दोन काढणं सोपं. हातचा फळ्यावर समजावून घसा बसवू नका. दहा-दहा काड्यांना रबर लावून चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलाच्या हातात द्या, त्यातून सतरा मागा. सुट्या पुरत नाहीत म्हटल्यावर ते स्वतःच रबर काढतं. हे पाच-सहा वेळा हातानं होऊ द्या, मांडणी त्यानंतर.

व्हॉट्सॲपवर फिरणारी पाठांची तयार टाचणं तपासणीपुरती ठेवा, वर्गात ती काडीच्या कामाची नाहीत. प्रशिक्षणातल्या पीपीटीबद्दल माझं मत विचारूच नका. त्यापेक्षा खिचडी शिजवणाऱ्या मावशींशी गट्टी करा. कोणाच्या घरी कोकणा बोलतात, कोण सकाळी उपाशी आलंय, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

पहिलं सत्र अंगावर येईल. वर्ग ऐकणार नाही, आपल्याला जमत नाही असं वाटेल. सगळ्यांनाच वाटतं, आणि पोरं नव्या बाईंना, गुरुजींना फार लवकर जीव लावतात.

फक्त वेळेचं गणित चुकवू नका. पावसाळा सरला की द्राक्षांच्या कामाला कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे उतरतात आणि दिवाळीनंतर हजेरी कोसळते. वाचनाचा पाया त्याआधीच घाला. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखवायचा कागद, द्याच, पण सोबत एका चिठ्ठीवर त्याला कोणती अक्षरं येतात, कुठं अडतं, तेही लिहा. नाहीतर तिकडच्या बाई बिचाऱ्या पुन्हा ‘क’पासून सुरू करतात.