घरी वाफेचं छोटं इंजिन बनवताय? बॉयलर नंतर, चेसिस आधी

रुळांवर खऱ्या वाफेने पळणारं रेल्वेचं छोटं इंजिन बनवायचं म्हटलं की बहुतेक जण उत्साहात थेट बॉयलरलाच हात घालतात. नका घालू. आधी चेसिस, चाकं, सिलिंडर एवढंच करा आणि कंप्रेसरच्या हवेवर फिरवून बघा, १०-१५ पीएसआयला (पीएसआय म्हणजे दाबाचं एकक) मोकळं फिरलं की मग तांब्याच्या बॉयलरकडे वळायचं. हवेवर जे अडतं ते वाफेवर काही सुटत नाही, वर बोटं भाजतात ती वेगळीच.

गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ३२ मिमी किंवा ४५ मिमी घ्या, दोन्हीचे रूळ तयार मिळतात. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर ३२ ला २८ मिमी आणि ४५ ला ४० मिमी ठेवायचं, हे चुकलं की सांध्यावर (गाडी रूळ बदलते तिथे) गाडी उतरलीच म्हणून समजा.

आता सिलिंडर. व्हॉल्व्ह गिअरच्या (वाफ आत-बाहेर सोडणाऱ्या वेगळ्या यंत्रणेच्या) नादाला पहिल्या इंजिनात लागूच नका, सरळ ऑसिलेटिंग घ्या. म्हणजे सिलिंडर स्वतःच पिव्होटवर डोलतो आणि त्याच्या सपाट तोंडावरचं भोक एकदा वाफेच्या भोकासमोर येतं, एकदा एक्झॉस्टच्या. सगळा खेळ या भोकांच्या मापाचा आहे. समजा क्रँकची त्रिज्या ६ मिमी, क्रँकच्या शाफ्टपासून पिव्होट ३२ मिमीवर आणि पिव्होटपासून भोक १२ मिमीवर, तर भोक मधल्या रेषेपासून दोन्हीकडे साधारण सव्वादोन मिमी सरकतं, म्हणून पोर्ट ब्लॉकवरची (सिलिंडर ज्याला टेकून डोलतो त्या स्थिर ठोकळ्यावरची) वाफेची आणि एक्झॉस्टची अशी दोन्ही भोकं रेषेपासून तेवढ्याच अंतरावर पाडायची आणि ड्रिल २ मिमीचं वापरायचं. अडीचचं वापरलंत तर सिलिंडर मधोमध असताना दोन्ही भोकं थोडी थोडी उघडी राहणार आणि वाफ काम न करताच एक्झॉस्टमधून पसार. सिलिंडरचं आणि ब्लॉकचं अशी दोन्ही तोंडं मार्करने काळी करा, काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यात घासा, काळं सगळीकडून सारखं गेलं की तोंड सपाट झालं. कुठे ठिपका राहिला तर अजून घासा, इथे कंटाळा करून चालत नाही.

सिलिंडर एकच असेल तर शाफ्टवर जडसर फ्लायव्हील लावा आणि गिअरने ३:१ किंवा ४:१ वेग कमी करून ॲक्सल फिरवा. सुरू करताना बोटाने ढकलावं लागेल. ठीक आहे, पहिल्या इंजिनाला एवढं माफ.

बॉयलरला मात्र काहीच माफ नाही. साधारण ५० मिमी व्यासाची, दीड मिमी जाडीची तांब्याची नळी, दोन्ही टोकांना कडा वळवलेल्या तांब्याच्या प्लेट आणि त्या बाहेर फुगू नयेत म्हणून मधून आरपार एक स्टे, म्हणजे त्यांना धरून ठेवणारा दांडा. बुश (फिटिंग बसवायच्या आटेदार कड्या) गनमेटल किंवा ब्राँझचे, पितळेचे नकोत, गरम पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि आटे ठिसूळ होतात. सांधे फक्त सिल्व्हर सोल्डरने, तेही कॅडमियम नसलेल्या. ५५ टक्के चांदीवालं ६३०-६६० अंशांना वितळतं. साधं सोल्डर १९० च्या आसपासच सुटतं आणि ४० पीएसआयला वाफच १४० अंशांची असते, पाणी संपलं की मग विचारूच नका. तांबं उष्णता पळवतं म्हणून भोवती फायरब्रिक रचून अख्खा बॉयलर तापवायचा, सांध्याला लावलेला फ्लक्स (सोल्डर नीट पसरावं म्हणून लावायची पेस्ट) पाण्यासारखा पारदर्शक झाला की सळई टेकवायची आणि सोल्डर सांध्याच्या उष्णतेनेच वितळून आत ओढलं जायला हवं, फ्लेमने नाही.

टेस्ट आधी थंड पाण्याची. हवेचा बुडबुडा न ठेवता पूर्ण भरा आणि हातपंपाने कामाच्या दाबाच्या दुप्पट, म्हणजे ४० ला ८० पीएसआय चढवून १५-२० मिनिटं थांबा. पाणी दाबलं जात नाही म्हणून काही सुटलं तरी फक्त गळतं. हवेने ही टेस्ट चुकूनही करू नका, बॉयलर फुटला तर बाँबच. त्यानंतर वाफेवर, पूर्ण आग देऊन बघायचं की सेफ्टी व्हॉल्व्ह ४० ला उघडतो आणि दाबाचा काटा त्यापुढे फारसा चढत नाही. एवढं झेपणार नसेल तर टेस्ट सर्टिफिकेट असलेला तयार बॉयलर घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

स्पिरिटचा बर्नर लावणार असाल तर इंधन मोजून भरा, असं की पाणी संपायच्या आधी आग विझेल. दोनचार वेळा चालवून उरलेलं पाणी मोजलं की प्रमाण बसतं. उन्हात स्पिरिटची ज्योत दिसत नाही, विझली समजून परत ओतायला जाऊ नका.

वाफेच्या लाईनला डिस्प्लेसमेंट लुब्रिकेटर (वाफेत तेल सोडणारी डबी) हवाच, तेल जाडं स्टीम ऑइल. आत वाफेचं पाणी होऊन तळाला बसतं आणि तेल वर उचलून सिलिंडरकडे ढकलतं. प्रत्येक फेरीनंतर, गार झाल्यावर, ते पाणी काढून पुन्हा तेल भरायचं. रंग सगळ्यात शेवटी, उष्णता सोसणारा.