कॉपरच्या अपॉइंटमेंटआधी काय काय तयार हवं

शनिवारी केसांना कॉपर, म्हणजे तांब्यासारखा रंग, करायचा असेल तर कस्टमरला गुरुवारी सकाळीच एकदा बोलावून घ्या. कानामागे थोडा कलर लावून ॲलर्जी बघायची पॅच टेस्ट करून ४८ तास थांबावं लागतं आणि ‘मी नेहमीच कलर करते’ या उत्तरावर ती सोडता येत नाही. मोबाइलमधला फोटो बघा, पण त्यात फार अडकू नका. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे ४५ सेंटीमीटर लांब केसाचं टोक तीन वर्षांपूर्वीचं असतं. त्या तीन वर्षांत केसांवर काय काय लागलं, ते काढून घ्या.

‘मेंदी लावता का?’ एवढंच विचारलं तर नौपाड्यातल्या काकू ‘छे, केव्हाच सोडली’ म्हणतील आणि पाकिटातली काळी मेंदी सांगायची राहून जाईल. म्हणून काळी मेंदी, घरचा बॉक्स कलर, स्मूदनिंग असं एकेक नाव घेऊन विचारा. शंका आली तर कंगव्यात आलेले थोडे केस काचेच्या वाटीत २० व्हॉल्यूम डेव्हलपर (कलरमध्ये मिसळायचं पेरॉक्साइड; व्हॉल्यूम म्हणजे त्याची ताकद) आणि अमोनियाच्या काही थेंबांत अर्धा तास बुडवून ठेवा. वाटी तापली, फेस आला किंवा केसांचा रंग भलताच बदलला, तर केसांत धातूचे क्षार आहेत. मग ते केस कापले जाईपर्यंत ब्लीच नाही आणि कलरही नाही. कस्टमर रुसली तरी चालेल. बॉक्स कलर असेल तर वेगळी अडचण: कलरने कलर उचलत, म्हणजे फिका होत, नाही, तो भाग ब्लीच पावडरनेच काढावा लागतो, आणि त्याचा वेळ व पैसे आधीच सांगितलेले बरे.

पाण्याचंही विचारा. ठाण्यात घोडबंदर रोडच्या ज्या सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं, तिथल्या केसांवर क्षार बसलेले असू शकतात. अशा केसांना आधी कीलेटिंग (क्षार काढणारा) शाम्पू द्या, नाहीतर उचल पट्ट्यापट्ट्यांनी येते.

आता उचलीचा हिशेब. लेव्हल म्हणजे केस किती गडद ते; आकडा वाढेल तसा केस फिका. आपले केस बहुधा लेव्हल २-३चे. पावडर चढते तसा आतून आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळा रंग निघतो. राख किंवा बेज शेडसाठी ज्या नारिंगीशी भांडत बसावं लागतं, तोच इथे निम्मं काम करून देतो. म्हणून लांबीला लेव्हल ७वर थांबा, चेहऱ्याजवळच्या फॉइल्सच तेवढ्या ८पर्यंत जाऊ द्या. फिक्या पिवळ्यापर्यंत ओढलेल्या केसांवर कॉपर पोकळ दिसतो आणि लवकर उतरतो. हे सांगूनही पोरं ओढतातच.

तीन बोल, तीन ब्रश, एक वजनकाटा. मुळाशी लेव्हल ५चा कॉपर-महोगनी, लांबीला ७चा ठळक कॉपर, चेहऱ्याजवळ ८चा सोनेरी कॉपर. यापेक्षा जवळच्या शेड घेतल्या तर धुतल्यावर सगळं एकच दिसतं. पांढरे केस असतील तर मुळाच्या मिश्रणात नॅचरल बेस निम्मा घाला, नुसता कॉपरसारखा फॅशन शेड पांढरे केस झाकत नाही. उचललेल्या केसांवर रंग बसवायला १० व्हॉल्यूम पुरतो. ट्यूबवरचा आकडा मात्र प्रत्येक वेळी चार्टशी जुळवा: लॉरियालच्या मॅजिरेलमध्ये .४ म्हणजे कॉपर, वेलाच्या कोलेस्टनमध्ये /४ म्हणजे लाल आणि श्वार्झकॉफच्या इगोरामध्ये कॉपर -७वर आहे. कंपनी बदलून तोच आकडा उचलला की घोटाळा झालाच.

फॉइल्स आधीच कापून ठेवा, टॉवेल गडद रंगाचे काढा. स्पॉटलाइटच्या पिवळ्या उजेडात कॉपर आहे त्याहून जास्त तापलेला दिसतो, त्यामुळे निकाल दाराशी, दिवसाच्या उजेडात बघायचा. पावसाळ्यात संध्याकाळी पाचनंतर हे जमत नाही, म्हणून अपॉइंटमेंट अकराचीच द्या. सल्फेट नसलेल्या शाम्पूचं आणि पाच-सहा आठवड्यांनी रंग ताजा करायला लागणाऱ्या ग्लॉसचं बोलणंही गुरुवारीच उरकून घ्या, खर्चासकट.