कोकणात कमी खर्चाचा गेमिंग संगणक : सुटे भाग कसे निवडावेत

मोजक्या पैशांत गेमिंगसाठी संगणक जुळवायचा म्हटले की बहुतेक जण आधी ग्राफिक्स कार्ड ठरवतात आणि उरलेल्या रकमेत बाकीचे भाग बसवतात. शहरात हा क्रम चालून जातो. परंतु अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर, जिथे पावसाळाभर हवा ओलसर आणि खारी असते, संध्याकाळी सगळीकडे दिवे-पंखे लागले की व्होल्टेज खाली येते आणि पावसाच्या तोंडावर वीज वारंवार जाते-येते, तिथे खरेदीची सुरुवात पॉवर सप्लायपासून, म्हणजे घरची वीज संगणकाच्या भागांना लागेल तशी करून देणाऱ्या डब्यापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅबिनेटसोबत मिळणारा स्वस्त पॉवर सप्लाय कितीही वॉटचा आकडा मिरवत असला तरी तो घेऊ नये. नामांकित कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ दर्जाचा ५५० वॉटचा सप्लाय या संगणकाला भरपूर होतो. मात्र ८० प्लस हे प्रमाणपत्र केवळ विजेच्या कार्यक्षमतेचे असते, संरक्षणाचे नव्हे. म्हणून वाढीव व्होल्टेज आणि शॉर्टसर्किटपासून संरक्षण आहे का, हे माहितीपत्रकात वेगळे पाहावे. त्याच पत्रकातली इनपुट व्होल्टेजची ओळ तर आवर्जून वाचावी. काही स्वस्त सप्लाय फक्त २०० ते २४० व्होल्टसाठी असतात, तर काही १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात. वाडीतल्या शेवटच्या खांबावरून वीज येत असेल आणि दिवेलागणीला ती १८० व्होल्टवर उतरत असेल, तर दुसऱ्या प्रकाराला पर्याय नाही.

वीज गेल्यावर संगणक बॅटरीवर चालू ठेवणाऱ्या यूपीएसच्या बाबतीत गोंधळ होतो तो व्हीए (व्होल्ट-अँपिअर) आणि वॉट या दोन आकड्यांचा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारणपणे ३६० वॉटच पेलतो. खेळ रंगात असताना आपला संगणक आणि मॉनिटर मिळून ३०० वॉटच्या आसपास पोहोचू शकतात, त्यामुळे १००० व्हीए, म्हणजे सुमारे ६०० वॉटचा यूपीएस घेतल्यास जीव हायसा राहतो. त्यावर तासभर खेळता येईल ही अपेक्षा मात्र ठेवू नये. काम जतन करून संगणक नीट बंद करण्यापुरती मिनिटे मिळाली की त्याचे काम झाले. घरच्या इन्व्हर्टरवर जोडायचे असल्यास तो शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे खांबावरच्या विजेसारखीच सलग लहर देणारा असावा आणि बॅटरीवर लवकर वळावा म्हणून त्याचे बटण यूपीएस मोडवर ठेवावे, कारण वीज गेल्यावर चांगला पॉवर सप्लायसुद्धा पूर्ण भारावर जेमतेम १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो.

अर्थिंगकडे सहसा कोणी पाहत नाही. जांभ्याच्या कातळात खणलेल्या खड्ड्यात उन्हाळ्यात ओल राहत नाही आणि अर्थिंग नावापुरते उरते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर दोष संगणकाचा नसून बहुधा अर्थिंगचा असतो; भाग बदलण्याआधी वायरमनला बोलवावे.

प्रोसेसरसाठी इंटेलचा कोअर आय५-१२४०० आणि एएमडीचा रायझन ५ ५६०० हे दोन समतोल पर्याय आहेत. दोन्ही सहा कोअर (गणना करणारे भाग) आणि बारा थ्रेडचे (एकाच वेळी हाताळता येणारी कामे) असून दोन्ही २०२२ साली बाजारात आले. त्यांपैकी मी आय५-१२४०० सुचवेन, आणि तोही नावापुढे एफ हे अक्षर नसलेला. एफ प्रकार काहीसा स्वस्त मिळतो, पण त्यात अंतर्गत ग्राफिक्स नसते. रायझन ५ ५६०० मध्येही नसते. ग्राफिक्स कार्ड बिघडून दुरुस्तीसाठी मुंबई किंवा कोल्हापूरला गेले, तर ते परत येईपर्यंत असा संगणक पडद्यावर काहीच दाखवू शकत नाही. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने तेवढे जास्तीचे पैसे खुशाल द्यावेत. या प्रोसेसरला एच६१० चिपसेटचा, डीडीआर४ रॅम घेणारा साधा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड पुरतो.

ग्राफिक्स कार्डात १०८० पिक्सेलच्या मॉनिटरसाठी ८ जीबी मेमरी असावी. रेडियन आरएक्स ६६०० हे कार्ड नवे मिळाले तर आजही चांगला सौदा आहे. त्याला १३२ वॉट पुरतात. आरटीएक्स ३०५० घेताना सावध राहावे, कारण याच नावाखाली ८ जीबीचे आणि ६ जीबीचे अशी दोन कार्डे विकली जातात आणि ६ जीबीच्या कार्डात केवळ मेमरीच नव्हे, तर कोअरही कमी आहेत. केवळ व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळायचे असेल तर याहून साधे कार्डही चालेल. वापरलेले कार्ड स्वस्त दिसते. परंतु ते समुद्रालगतच्या घरातले असेल तर कार्डाच्या मागच्या धातूच्या पट्टीचे स्क्रू आणि पोर्टांच्या कडा पाहाव्यात. तिथे गंज असेल तर आत काय असेल, हे निराळे सांगायला नको.

रॅम १६ जीबीची, पण एकच पट्टी न घेता ८-८ जीबीच्या दोन घ्याव्यात; रॅम आणि प्रोसेसरमधले दोन्ही चॅनल (माहितीच्या वाटा) वापरात आल्याने खेळात फरक जाणवतो. खेळ साठवणारी एसएसडी एक टीबीची (सुमारे हजार जीबी) असावी. मोठे खेळ शंभर जीबीच्या पुढे गेले आहेत, आणि गावच्या इंटरनेटवर ते पुन्हा पुन्हा उतरवणे म्हणजे रात्र रात्र वाट पाहणे.

कॅबिनेटला पुढून जाळी आणि काढून धुता येणारी गाळणी हवी, शिवाय मागच्या रिकाम्या खाचांची झाकणे बसवलेली असावीत. पाली आणि मुंग्या तिथूनच आत शिरतात. काच आणि रंगीत दिव्यांवर पैसे घालवण्यापेक्षा एक जादा पंखा घ्यावा. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून आणि पश्चिमेच्या खिडकीपासून संगणक दूर, जमिनीपासून उंचावर ठेवावा आणि रोज थोडा वेळ तरी चालू करावा, कारण आतल्या उबेने दमटपणा टिकत नाही. पावसाळ्यानंतर संगणक सुरूच होईनासा झाला, तर प्लग काढून रॅमच्या पट्ट्या बाहेर काढाव्यात, त्यांचे सोनेरी टोक स्वच्छ खोडरबराने हलक्या हाताने पुसावे आणि त्या पुन्हा बसवून पाहाव्यात. पुष्कळदा एवढ्याने काम होते.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भाव चांगले मिळतात, आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याकडून भाग मागवण्याची सोयही असते. तसे केल्यास जीएसटीचे बिल आपल्या नावाने घ्यावे, त्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, आणि ग्राफिक्स कार्ड पार्सलने न पाठवता हातच्या सामानात आणायला सांगावे. पॉवर सप्लाय आणि यूपीएस मात्र रत्नागिरी, चिपळूण किंवा कुडाळच्या दुकानातूनच घ्यावेत. चार पैसे जास्त गेले तरी बदलून घ्यायला तिथे जाता येते. वॉरंटीच्या अटीही दुकानातच वाचाव्यात, कारण अनेक कंपन्या गंजलेला किंवा जळालेला भाग बदलून देत नाहीत.