मुलांची पहिली मैफल: अर्धीच ऐकायची, हे ठरवूनच निघा

मुलाला पहिल्यांदा गाण्याला नेताना पालक हमखास एक चूक करतात. पैसे पूर्ण कार्यक्रमाचे मोजलेत, म्हणून मुलाला शेवटच्या भैरवीपर्यंत बसवून ठेवतात. सात-आठ वर्षांचं मूल साधारण पाऊण तास रमतं, पुढची वीस मिनिटं निभावतं आणि मग त्याच्या डोक्यात उरतो तो फक्त कंटाळा. त्यामुळे तिकीट काढतानाच ठरवा की मध्यंतराला घरी निघायचं. मूल ‘थांबू या ना’ म्हणत असेल, तर त्याहून चांगली निघायची वेळ नाही.

कार्यक्रम कोणता निवडायचा

पाच वर्षांच्या आतल्या मुलांना बंद नाट्यगृहापेक्षा मोकळी जागा बरी. दिवाळी पहाट त्यासाठी उत्तम. अभ्यंगस्नानामुळे घर उठलेलंच असतं, गाणी छोटी असतात आणि मागे उभं राहून ऐकलं तरी कुणी वळून बघत नाही. फक्त मूल चार-साडेचारला उठलेलं असतं, हे विसरू नका. आठच्या सुमारास भूक आणि झोप एकदमच येतात. त्याआधी निघा.

सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी नाट्यसंगीत किंवा अभंगवाणी घ्या. एकेक पद पाच ते दहा मिनिटांचं असतं, त्यामुळे लक्ष पुन्हा लागायला आणि गरज पडली तर उठायलाही सारखी संधी मिळते. एकल तबलावादनही चालतं, कारण आवाज कुठून येतोय ते दिसतं. ‘वाद्यसंगीत मुलांना सोपं’ हा समज मात्र सरसकट खरा नाही. सतार किंवा सरोदची मैफल आलाप-जोडाने, म्हणजे तबल्याविना चालणाऱ्या संथ वादनाने सुरू झाली, तर तबल्यावर पहिली थाप पडायलाच अर्धा तास लागू शकतो आणि मूल तबलजीकडे बघत वाट पाहत बसतं. ख्यालाची, म्हणजे एकच राग सावकाश खुलवत गाण्याची मैफल वयाच्या आठ-नऊ वर्षांनंतर.

पुण्यात डिसेंबरमध्ये सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव असतो. 1953 पासून चालत आलेला हा महोत्सव पहिल्या अनुभवासाठी अवाढव्य वाटेल, पण त्यातही एक वाट आहे. संध्याकाळच्या नामवंतांचा मोह सोडा आणि दुपारचं पहिलं गायन किंवा वादन गाठा. तेव्हा गर्दी कमी, थंडी नाही आणि मूल ताजंतवानं. खुर्च्यांऐवजी भारतीय बैठक घ्या, तिथे मांडीवर आडवं होता येतं. चपला ठेवायला कापडी पिशवी, खाली घालायला जाड चादर आणि अंधार पडेपर्यंत थांबणार असाल तर कानटोपी-स्वेटर हवंच. डिसेंबरात ऊन उतरलं की मैदानावर गारठा पटकन जाणवतो.

जागा

पहिल्या रांगेचा हट्ट नको. व्यासपीठ उंच असतं आणि कलाकार मांडी घालून बसलेले, त्यामुळे अगदी पुढून मुलाला माइकचा स्टँड आणि सतरंजीची कड एवढंच दिसतं. शिवाय स्पीकर जवळ. सहावी ते दहावी रांग, रांगेच्या टोकाची खुर्ची. तबला बघायचा असेल तर आधी ठरवून बाजू निवडा. गायनाच्या मैफलीत तबलजी बहुधा गायकाच्या उजव्या हाताला, म्हणजे प्रेक्षकांच्या डावीकडे बसतो.

नाट्यगृहातल्या घडीच्या खुर्च्यांचा एक त्रास कुणी सांगत नाही. मूल हलकं असलं की सीट पुरती खाली राहत नाही, मूल त्यात दुमडतं आणि प्रत्येक हालचालीला खुर्ची करकरते. शालीची जाड घडी सीटच्या पुढच्या बाजूला ठेवून त्यावर बसवा. उंचीही मिळते. वातानुकूलित सभागृहात तीच शाल पुढे अंगावर घेता येते.

लहान मुलांना प्रवेश आहे का, ते तिकिटावरच्या सूचनांत आधी वाचा. दारात वाद घालण्यात मुलाचा सगळा उत्साह जातो.

घरची तयारी

आठवडाभर रोज दहा मिनिटं पुरेत. रागाचं नाव ओळखायला लावू नका, त्याची परीक्षा होते. त्यापेक्षा हातावर त्रिताल धरायला शिकवा: सोळा मात्रा, म्हणजे सारख्या अंतराचे ठोके, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे तळवा उघडा करून बाजूला. दोन-तीन दिवसांत बहुतेक मुलांना जमतं. मैफलीत हेच गुडघ्यावर बोटांनी, आवाज न करता करायचं.

ख्याल ऐकायला जाणार असाल तर एक अडचण आधीच ओळखा. विलंबित (संथ लयीतल्या) एकतालात मात्रा बाराच असतात, पण लय फार संथ असेल तर एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पाऊण ते एक मिनिट चालतं. तेवढं मोजणं मोठ्यांनाही जमत नाही, मुलाला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सापडणारच नाही. म्हणून मात्रा सोडा आणि मुखडा पकडायला सांगा. बंदिशीचा, म्हणजे बांधलेल्या गाण्याचा, तो सुरुवातीचा तुकडा गात गायक पुन:पुन्हा समेवर येतो. मुखडा ऐकू आला की मुलाने तुमचं बोट दाबायचं. हा खेळ वीस मिनिटं सहज चालतो आणि समेवर आजूबाजूच्या माना एकदम हलतात, ते मुलाला स्वत:लाच दिसतं.

सभागृहात

दीपप्रज्वलन, सत्कार आणि प्रायोजकांचे आभार यांत अर्धा तास जाऊ शकतो. मुलाची पाऊण तासाची शिदोरी त्यातच संपते. जागा राखीव असेल तर दोघांपैकी एकाने मुलाला बाहेर फिरवावं आणि तानपुरे लागायला लागले की आत यावं. तानपुरे लागताना मात्र आत असायलाच हवं. खुंटी पिळणं, तारेखाली जवारीचा दोरा सरकवणं, तबल्याच्या कडेच्या लाकडी गठ्ठ्यांवर हातोडी मारणं हे सगळं मुलं डोळे मोठे करून बघतात. हे काय चाललंय ते आधी सांगितलं नाही, तर मात्र ‘अजून सुरू का होत नाही’ ही कुरकुर तिथूनच सुरू होते.

घरून निघण्याआधी पोटभर खायला द्या, पाणी बेताचं आणि आत शिरण्याच्या पाच मिनिटं आधी स्वच्छतागृह. मध्यंतरात बाहेर खायला लाडू किंवा केळं न्या. वेफर्स नकोत, पुड्याचा आवाज चार रांगा ऐकतात. चुळबुळीवर साधी वही आणि एकच पेन्सिल द्या. रंगांची डबी पडते आणि नेमकी आलापात पडते. मोबाइल देऊ नका: आवाज बंद असला तरी पडद्याचा उजेड मागच्यांच्या डोळ्यांत जातो.

उठायचं असेल तर चालू असलेली चीज (बंदिश) संपून टाळ्या पडतील तेव्हा. रडू फुटलं असेल तर थांबू नका, लगेच उठा. टोकाची खुर्ची घेतली ती यासाठीच.

कान

बैठकीच्या गाण्यात सहसा प्रश्न येत नाही. फ्यूजन, ऑर्केस्ट्रा, मोठ्या मंडळांचे कार्यक्रम यांत येतो. जागतिक आरोग्य संघटनेने इअरफोनसारख्या उपकरणांसाठी मुलांना आठवड्याला 75 डेसिबलवर 40 तास अशी मर्यादा सुचवली आहे. दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. हाच हिशोब कार्यक्रमाला लावला, तर 90 डेसिबलला अख्ख्या आठवड्याचा कोटा सव्वा तासात संपतो. मोबाइलवरचं मोजणी अ‍ॅप अंदाजापुरतं ठीक. साधी खूण अशी: हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर आवाज मुलासाठी जास्त आहे.

अशा ठिकाणी मुलांच्या मापाचे, दोन्ही कान पूर्ण झाकणारे इअरमफ न्या आणि घरी दोन-तीनदा घालून सवय करा, नाहीतर तिथे पाच मिनिटांत काढून फेकले जातात. कापसाच्या बोळ्यांनी आवाज फारसा अडत नाही. फोमचे बोळे छोट्या कानात नीट बसत नाहीत आणि अगदी लहान मुलं ते तोंडात घालतात. स्पीकरपासून दूर बसणं सगळ्यांत स्वस्त: मोकळ्या मैदानात स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की ढोबळमानाने 6 डेसिबल कमी होतात.

घरी आल्यावर

‘आवडलं का?’ असं विचारलं की ‘हो’ एवढंच उत्तर मिळतं. ‘तबलजी हातोडी कुठे मारत होते?’ असं विचारा, मूल हातवारे करून दाखवतं. दुसरी मैफल महिन्या-दीड महिन्याने, तेवढ्याच वेळाची. मध्यंतरानंतरचा एक तुकडा तिसऱ्या वेळी जोडा, तोही मुलाने मागितला तरच.