वणव्याच्या धुराचा उपग्रहावरून माग काढताना या चुका टाळा

चित्रात धूर दिसला की खालची हवा खराब, असं धरून चालणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. उपग्रहाला वरपासून खालपर्यंतचा सगळा धूर एकत्र दिसतो. तो जमिनीलगत आहे की पाच किलोमीटर उंचीवर, हे रंगीत चित्र सांगत नाही आणि एरोसोल ऑप्टिकल डेप्थचा (हवेतले सूक्ष्म कण म्हणजे एरोसोल प्रकाश किती अडवतात याचा) आकडाही सांगत नाही. ९ सप्टेंबर २०२० ला सॅन फ्रान्सिस्कोचं आकाश दिवसाढवळ्या नारिंगी झालं, दिवे लावावे लागले. पण समुद्रावरून आलेल्या थंड, दमट हवेच्या थराने बराचसा धूर वरच रोखला होता. श्वासातली हवा जास्त बिघडली ती पुढच्या दोन दिवसांत, धूर खाली उतरल्यावर. नुसती चित्रं बघून मुलांना घरात ठेवायचा दिवस ठरवला असता तर तो चुकला असता. म्हणून जमिनीवरच्या केंद्राचा पीएम २.५ चा (श्वासातून आत जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांचा) तासातासाचा आलेख शेजारी उघडा हवाच. तो नसेल तर ‘इथली हवा खराब आहे’ असं लिहू नये.

दुसरी चूक घाईची. दुपारचं एक चित्र आणि संध्याकाळचं एक चित्र शेजारी ठेवून ‘धूर दुप्पट झाला’ म्हणून मोकळं व्हायचं. धुराचे कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरतात. त्यामुळे सूर्य उपग्रहाच्या समोरच्या बाजूला आणि क्षितिजाजवळ असला की विरळ धूरही ठळक दिसतो. अमेरिकेच्या पश्चिम भागावरचा धूर गोस-ईस्ट या पूर्वेकडच्या अमेरिकी हवामान उपग्रहातून संध्याकाळी उठून दिसतो, पश्चिमेकडच्या गोस-वेस्टमधून सकाळी. भर दुपारी तोच धूर विरून गेल्यासारखा वाटतो. तुलना करायची तर उपग्रह तोच आणि वेळ तीच, आज आणि काल. शिवाय एकेक चित्र बघण्यापेक्षा दहा-दहा मिनिटांच्या चित्रांची तीन-चार तासांची मालिका चालवावी. धुराचा पट्टा उगमाशी जोडलेला असतो, हे हलत्या चित्रात चटकन कळतं.

धूर की विरळ उंच ढग, अशी शंका आली तर १०.३ मायक्रॉनचा अवरक्त बँड (उष्णता टिपणारं चित्र) उघडा: धूर जवळपास गायब होतो, थंड ढग राहतो.

एरोसोलच्या नकाशात पट्ट्याच्या मधोमध कोरी जागा दिसली तर तिथे हवा स्वच्छ आहे असं समजू नका. दाट धुराला गणनपद्धती बऱ्याचदा ढग समजून वगळते, त्यामुळे सर्वांत दाट भागच रिकामा राहतो. तिथे साधं रंगीत चित्र बघा.

व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या उपकरणाने आग टिपल्याचा लाल ठिपका म्हणजे आगीची हद्द नव्हे. तो सुमारे ३७५ मीटरच्या चौकोनाचा मध्य असतो.

चित्रावरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते. स्थानिक वेळेत बदलल्याशिवाय वाऱ्याच्या नोंदींशी जुळवू नका.