मोठ्या लेसर संलयन केंद्राकडे प्रयोगाचा प्रस्ताव पाठवताना या चुका टाळा

लोणारच्या विवरापासून फार लांब नसलेल्या एका तालुक्याच्या महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो. इथून एम.एस्सी. करून पुढे पीएच.डी.ला गेलेली मुले-मुली आपले संशोधन प्रस्ताव वाचायला माझ्याकडे पाठवतात, आणि त्यांतले काही कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीसाठी असतात. १९२ लेसर झोत एकाच टार्गेटवर, म्हणजे इवल्याशा लक्ष्यावर, आणणाऱ्या या यंत्राचा थोडा वेळ मूलभूत विज्ञानासाठी राखलेला असतो आणि त्यासाठी बाहेरच्या शास्त्रज्ञांकडून प्रस्ताव मागवले जातात. आपल्या मुलांची बुद्धी कुठेही कमी पडत नाही. प्रस्ताव मात्र पुन्हा पुन्हा त्याच जागी अडखळतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

जगाच्या विजेपासून सुरुवात करू नका

५ डिसेंबर २०२२ रोजी या केंद्रात टार्गेटवर २.०५ मेगाजूल लेसर ऊर्जा टाकून ३.१५ मेगाजूल संलयन ऊर्जा (हलकी अणुकेंद्रके एकत्र येताना सुटणारी ऊर्जा) मिळाली. ही मोठीच गोष्ट होती. परंतु आपल्या बिलावरचे एक युनिट ३.६ मेगाजूलचे असते, म्हणजे मिळालेली ऊर्जा एक युनिटही भरत नाही. ओलिताची ५ अश्वशक्तीची मोटर तेवढ्यावर सुमारे १४ मिनिटे चालेल, आणि तो एक शॉट, म्हणजे लेसरचा एक मारा, घेण्यासाठी वीजपुरवठ्यातून जवळपास ३०० मेगाजूल, म्हणजे ८० हून अधिक युनिटे खर्ची पडली. ज्या गावात रब्बीचे पाणी रात्रीच्या विजेवर द्यावे लागते तिथल्या मुलाला प्रस्तावाच्या पहिल्याच ओळीत स्वस्त विजेचे स्वप्न लिहावेसे वाटते, हे मला समजते. तरीही ती ओळ काढून टाकावी. मूलभूत विज्ञानाचा वेळ देणाऱ्या समितीला प्रचंड दाबाखाली आणि तापमानाखाली पदार्थ कसा वागतो याविषयीचा एक नेमका प्रश्न हवा असतो.

हेच यंत्र का, याचे उत्तर आकड्यात द्या

माझ्या एका विद्यार्थिनीने लोणारच्या बेसाल्टवर लेसरचा आघात करून उल्कापाताची स्थिती पुन्हा निर्माण करण्याचा प्रस्ताव लिहिला होता. कल्पना मनाला भिडणारी होती, कारण सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसाल्टमध्ये तयार झालेले आहे आणि तिथल्या खडकात आघाताने काचेसारखे झालेले फेल्डस्पार, म्हणजे मास्केलिनाइट, सापडते. अडचण दाबाची होती. मास्केलिनाइट तयार व्हायला वीस-तीस गिगापास्कल दाब पुरतो (एक गिगापास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे १० हजार पट), आणि तेवढा दाब वायूच्या बंदुकीने वेगात सोडलेल्या चकतीनेही मिळतो; त्यासाठी जगातल्या सर्वांत मोठ्या लेसरांपैकी एक मागणे म्हणजे विहिरीचा गाळ काढायला धरण फोडण्यासारखे आहे. याउलट, याच केंद्रात हिऱ्यावर केलेला आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहावा. तिथे दाब ५ टेरापास्कलपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या सुमारे ५ कोटी पट आणि पृथ्वीच्या केंद्रातील दाबाच्या सुमारे १४ पट, नेण्यात आला, आणि तोही एका झटक्यात नव्हे तर लेसरच्या स्पंदाचा आकार जपून टप्प्याटप्प्याने, कारण एकदम आघात दिल्यास नमुना तापून वितळला असता. असा दाब आणि स्पंदावर असा ताबा दुसरीकडे सहज मिळत नाही, हे वाचताक्षणी पटते. त्या मुलीने पदार्थ बदलला नाही, फक्त दाबाची कक्षा बदलली: मोठ्या खडकाळ ग्रहांच्या अंतरंगात बेसाल्टमधले हेच सिलिकेट पदार्थ वितळल्यावर कसे वागतील, हे तिने विचारले. प्रस्ताव तिथेच उभा राहिला.

शॉट मोजून मागा, आणि प्रत्येक शॉटमधून काय मोजणार ते लिहा

सर्वांत जास्त प्रस्ताव इथे फसतात. या यंत्रावर सगळ्या कार्यक्रमांचे मिळून वर्षाला सुमारे ४०० शॉट होतात, आणि एका शॉटनंतर लेसरच्या काचा थंड व्हायला काही तास जातात. अशा ठिकाणी तीन पदार्थ, चार दाब आणि दोन तापमाने यांचा तक्ता मांडणे व्यर्थ आहे. एक पदार्थ घ्यावा, मोजायची एक राशी घ्यावी, दोन-तीन शॉट मागावेत, आणि त्यांतला एक वाया गेला तर उरलेल्यांतून कोणता निष्कर्ष निघेल हेही स्पष्ट लिहावे.

मापनाविषयी “क्ष-किरण चित्र घेतले जाईल” असे मोघम वाक्य लिहिणे ही त्याच जातीची चूक आहे. किती फोटॉन पोहोचतील, पार्श्वभूमीचा उजेड किती असेल, आणि दोन सिद्धांतांतला फरक मापनाच्या अनिश्चिततेपेक्षा मोठा आहे का, हे आधी गणिताने दाखवावे लागते. वायसर हे उपकरण परावर्तित लेसर प्रकाशावरून पृष्ठभागाचा वेग मोजते आणि त्यावरून दाब व घनता काढता येते. परंतु तप्त प्लाझ्मातून, म्हणजे आयनित वायूतून, निघालेले क्ष-किरण आघात पोहोचण्याआधीच नमुना तापवू शकतात, किंवा ज्यातून मापन करायचे ती पारदर्शक खिडकी अपारदर्शक करू शकतात. ही शक्यता प्रस्तावात न दिसल्यास परीक्षकाला लिहिणारा नवखा आहे हे लगेच कळते. निदान एका मितीतले सिम्युलेशन जोडावे. संगणक साधा असला तरी ते रात्रभरात होते.

टार्गेटही बनवता येण्यासारखे असावे. ते प्रत्येक शॉटमध्ये नष्ट होते आणि त्याचे तुकडे शेवटच्या महागड्या भिंगांना इजा करू शकतात, म्हणून धातूचा जाड आधार सुचवताना वस्तुमान लिहायला विसरू नये.

कागदपत्रे आणि वेळ

ही प्रयोगशाळा अमेरिकेच्या अण्वस्त्र कार्यक्रमाशी जोडलेली असल्याने परदेशी नागरिकाच्या प्रवेशाची परवानगी बराच वेळ घेते. तिथल्या एखाद्या शास्त्रज्ञाशी प्रस्तावाआधीच बोलणे सुरू झालेले असावे. ओळख नसेल तर त्यांचा शोधनिबंध नीट वाचून एक नेमका प्रश्न पाठवावा, कारण अशा पत्राला उत्तर येण्याची शक्यता अधिक असते. कॅलिफोर्नियातले सायंकाळचे पाच म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीचे पहाटे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा. हे गणित उलटे करून एक दिवस गमावलेली मुले मी पाहिली आहेत. वादळी पावसात आपल्याकडे वीज आणि नेटवर्क दोन्ही एकदम जातात, तेव्हा प्रस्ताव दोन दिवस आधीच पाठवावा.

प्रस्ताव परत आला तर

परीक्षकांचा अभिप्राय शब्दशः वाचावा. “व्यवहार्यता सिद्ध नाही” असा शेरा असेल तर विज्ञानाची बाजू पुन्हा रंगवून लिहिण्यात अर्थ नाही; टार्गेट, उपकरण किंवा सिम्युलेशन यांपैकी कोणत्या दुव्यावर शंका आहे ते शोधावे. तो दुवा लहान यंत्रावर तपासता येतो. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाचे ओमेगा हे लेसर यंत्र ६० झोतांचे आणि सुमारे ३० किलोजूलचे आहे, आणि आपल्या जवळ इंदूरला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात लेसर प्लाझ्मावर काम चालते. तिथे घेतलेला एक खरा आलेख, त्याच्या अनिश्चिततेसह, पुढच्या प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर लावावा.